महाराष्ट्रातील अशनी

अशनी म्हणजे बाह्य अवकाशातून येऊन पृथ्वीच्या वातावरणातून पार होताना पूर्णपणे जळून न जाता भूपृष्ठापर्यंत पोहोचलेला खडकाचा किंवा धातूचा तुकडा होय. सूर्यमालेतील लघुग्रह व धूमकेतू यांसारख्या लहान खडकाळ आणि बर्फाळ पदार्थांशी माणसाचा प्रत्यक्ष स्पर्श होतो तो प्रामुख्याने अशनींच्या रूपाने. महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकापासून अशनिपातांच्या शास्त्रीय नोंदी उपलब्ध असून मानेगाव (१८४३), जामखेड (१८६६), धुळे (१८७७), अंदुरा (१९३९) आणि काटोल (२०१२) ही त्यांतील काही ठळक नावे आहेत. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर हे अशाच एका मोठ्या पदार्थाच्या आघाताने बेसाल्ट खडकात निर्माण झालेले विवर आहे.

संज्ञा

आकाशात क्षणभर चमकून नाहीशी होणारी प्रकाशरेषा ती उल्का आणि जमिनीवर हाती लागणारा दगड तो अशनी, असा भेद आधुनिक मराठी शास्त्रीय परिभाषेत केला जातो. बोलभाषेत उल्केला ‘तारा तुटला’ असे म्हणतात आणि धूमकेतूला ‘शेंडेनक्षत्र’ असे अत्यंत चित्रदर्शी नाव आहे. संस्कृतात ‘अशनि’ हा शब्द मुळात इंद्राच्या वज्रासाठी, म्हणजे कोसळणाऱ्या विजेसाठी योजला जाई. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त उल्कांचे धिष्ण्या, उल्का, अशनि, विद्युत् आणि तारा असे पाच प्रकार सांगितले आहेत. ते वर्गीकरण शुभाशुभ फलाच्या हेतूने केलेले आहे. तथापि तेज, आकार व आवाज यांवरून आकाशातील घटना वेगवेगळ्या ओळखण्याचा त्यामागील प्रयत्न दुर्लक्षण्याजोगा नाही.

तारा तुटतो या समजुतीत तथ्य नाही. सामान्य उल्का घडवून आणणारा कण वाळूच्या खड्याएवढा किंवा त्याहूनही लहान असतो आणि तो साधारणपणे ८० ते १२० किमी उंचीवरच नष्ट होतो.

उगमस्थाने

मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांच्या दरम्यान लघुग्रहांचा पट्टा आहे. त्यातील पहिला पदार्थ, सेरेस, इटलीतील पालेर्मो येथून जुझेप्पे पियाझ्झी यांनी १ जानेवारी १८०१ रोजी शोधला. सेरेसचा व्यास सुमारे ९४० किमी असून २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने केलेल्या व्याख्येनुसार तो आता बटुग्रह गणला जातो. त्याच व्याख्येने ग्रह, बटुग्रह व उपग्रह सोडून सूर्याभोवती फिरणाऱ्या उरलेल्या सर्व पदार्थांना ‘सूर्यमालेतील लघुपदार्थ’ या एका वर्गात आणले. आज दहा लाखांहून अधिक लघुग्रह ज्ञात आहेत. तरीही पट्ट्यातील सर्व लघुग्रहांचे एकूण वस्तुमान चंद्राच्या वस्तुमानाच्या केवळ तीन टक्क्यांच्या आसपास भरते. चित्रपटांत दाखवतात तशी तेथे दगडांची दाटी नाही. अवकाशयाने हा पट्टा सहज ओलांडून जातात.

नेपच्यूनच्या पलीकडे कायपर पट्ट्यात बर्फाळ पदार्थ आहेत. प्लूटोनंतर तेथील पहिला पदार्थ १९९२ मध्ये डेव्हिड ज्युइट व जेन लू यांनी शोधला. त्याहून कितीतरी दूर असलेल्या ऊर्ट मेघातून दीर्घ आवर्तनकालाचे धूमकेतू येतात असे मानले जाते. धूमकेतूंचा गाभा पाण्याचे बर्फ, गोठलेले वायू आणि धूळ यांचा बनलेला असल्यामुळे तो ठिसूळ असतो. त्याचे कण वातावरणात उल्का म्हणून जळतात, पण जमिनीपर्यंत सहसा पोहोचत नाहीत. म्हणूनच अशनी बहुतेक सर्व लघुग्रहांचे तुकडे असतात. थोडे चंद्रावरून आणि मंगळावरून उडालेले असतात. बिहारमधील शेरघाटी येथे २५ ऑगस्ट १८६५ रोजी पडलेला अशनी मंगळावरचा आहे, हे पुढे शंभरहून अधिक वर्षांनी उमगले.

पट्ट्यातील तुकडे पृथ्वीकडे येण्याचे कारण गुरूचे गुरुत्वाकर्षण हे आहे. ज्या अंतरावर लघुग्रहाचा प्रदक्षिणाकाल गुरूच्या प्रदक्षिणाकालाशी सोप्या पूर्णांकी प्रमाणात येतो, तेथे गुरूचे ओढणे पुन्हा पुन्हा त्याच जागी होऊन कक्षा लांबट होत जाते. अशा जागा पट्ट्यात रिकाम्या दिसतात. त्यांना कर्कवुड यांच्या नावाने ओळखले जाते. तेथे सरकलेला दगड कालांतराने आतल्या ग्रहांच्या कक्षा ओलांडू लागतो आणि त्यांतील काहींची गाठ पृथ्वीशी पडते.

दगड आकाशातून पडतात, ही गोष्ट युरोपातील विद्वानांनी अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत गांभीर्याने घेतली नव्हती. ते खेडुतांचे अज्ञान समजले जाई. क्लाद्नी यांनी १७९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकानंतर हे मत बदलू लागले. या बदलात भारतातील एका दगडाचा वाटा आहे. १९ डिसेंबर १७९८ रोजी बनारसजवळ पडलेल्या अशनीचे एडवर्ड हॉवर्ड यांनी १८०२ मध्ये रासायनिक पृथक्करण केले. या दगडात आणि युरोपात पडलेल्या दगडांत निकेलयुक्त लोह समानपणे आढळले. सामान्य खडकांत ते तसे आढळत नाही. पुढच्याच वर्षी फ्रान्समधील लेग्ल येथे हजारो दगडांचा वर्षाव झाला आणि वाद मिटला. शेतकऱ्यांची साक्ष खरी ठरली होती.

महाराष्ट्रातील नोंदलेले अशनिपात

अशनीला तो पडला त्या ठिकाणाचे नाव देण्याचा आंतरराष्ट्रीय प्रघात आहे. एकदा नोंदलेले स्पेलिंग सहसा बदलले जात नाही. त्यामुळे जगभरच्या सूचींत जामखेडचा अशनी ‘जामखेर’ याच नावाने सापडतो. मराठी ‘ड’ इंग्रज कानांना ‘र’ वाटला असावा. मराठी विद्यार्थ्याने या सूचींत शोध घेताना हे ध्यानात ठेवणे उपयोगाचे आहे.

मानेगाव. पूर्व खानदेशात, एदलाबाद म्हणजे आजच्या मुक्ताईनगरजवळ, १८४३ मध्ये हा अशनी पडला. त्याचा फारच थोडा अंश शिल्लक आहे, परंतु महाराष्ट्रातील अशनींत शास्त्रीयदृष्ट्या तो कदाचित सर्वांत दुर्मीळ म्हणावा लागेल. तो डायोजेनाइट या प्रकारचा आहे. हा खडक एखाद्या लघुग्रहाच्या पोटात, वितळलेल्या शिलारसाचे सावकाश स्फटिकीभवन होऊन तयार होतो. हॉवर्डाइट, युक्राइट व डायोजेनाइट या तीन प्रकारच्या अशनींचा वर्णपट व्हेस्टा या सुमारे ५२५ किमी व्यासाच्या लघुग्रहाशी जुळतो. डॉन या यानाने २०११-१२ मध्ये व्हेस्टाभोवती फिरून केलेल्या निरीक्षणांनी या संबंधाला बळकटी दिली. व्हेस्टाच्या दक्षिण ध्रुवावर एक प्रचंड आघातविवर आहे. तेथून उडालेल्या खडकाचा एक तुकडा तापीच्या खोऱ्यात येऊन पडला, असे मानण्यास आधार आहे. ब्रिटिश म्युझियमचे खनिजतज्ज्ञ नेव्हिल स्टोरी-मास्केलिन यांनी १८७० च्या सुमारास या दगडातील खनिजांचा अभ्यास केला. त्यांच्या नावाचा संबंध पुढे लोणारशीही येतो.

जामखेड. ५ ऑक्टोबर १८६६ रोजी अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे पडलेला हा अशनी एच-६ प्रकारचा कोंड्राइट आहे. बीड जिल्ह्याच्या दृष्टीने हीच सर्वांत जवळची जुनी नोंद. जामखेड बालाघाटच्या डोंगररांगेत, बीड जिल्ह्यातील पाटोदा व आष्टी या तालुक्यांना लागून आहे. विंचरणा नदीचा सौताडा येथील प्रसिद्ध धबधबा येथून जवळच, पण बीड जिल्ह्यात आहे. १८६६ मध्ये ही केवळ जिल्ह्याची सीमा नव्हती. जामखेड मुंबई इलाख्यात, म्हणजे इंग्रजी अमलाखाली होते; बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात. इंग्रजी मुलखात पडलेल्या दगडाची वार्ता कलेक्टर कचेरीमार्फत कलकत्ता व लंडन येथील संग्रहालयांपर्यंत जाण्याची वाट तयार होती. अशनी कोठे पडतो याला राजकीय सीमा माहीत नसतात. नोंद मात्र त्या सीमांनुसार होते. मराठवाड्याच्या जुन्या नोंदी विरळ दिसतात त्याचा अर्थ तेथे दगड कमी पडले असा घेता येत नाही.

हैदराबाद संस्थानाच्या मराठी भागातील एक नोंद तरीही प्रसिद्ध आहे. २९ सप्टेंबर १९२८ रोजी परभणीच्या पूर्वेस पडलेला व ‘नाओकी’ या नावाने सूचीबद्ध असलेला अशनी एच-६ प्रकारचाच आहे.

इतर नोंदींत वऱ्हाडातील चांडकापूर (१८३८), सातारा जिल्ह्यातील कळंबी (१८७९) आणि वऱ्हाडातीलच अंदुरा यांचा समावेश होतो. अंदुरा येथे ९ ऑगस्ट १९३९ रोजी पडलेल्या दगडाचे वजन सुमारे १८ किलोग्रॅम होते.  एलएल गटातील कोंड्राइट तुलनेने कमी आढळतात. जपानच्या हायाबुसा यानाने इतोकावा या छोट्या लघुग्रहावरून २०१० मध्ये जे धूलिकण पृथ्वीवर आणले, ते याच एलएल गटातील अशनींशी जुळले. कोंड्राइट हे लघुग्रहांचेच तुकडे आहेत, याचा तो पहिला प्रत्यक्ष पुरावा होता.

वर आलेल्या संकेतांचा खुलासा असा. पडताना पाहिलेल्या अशनींपैकी बहुसंख्य कोंड्राइट असतात. त्यांत कोंड्रूल नावाचे मिलिमीटरभर आकाराचे गोलक असतात. ते सूर्यमालेच्या आरंभी, सुमारे ४५६ कोटी वर्षांपूर्वी, वितळलेल्या थेंबांपासून बनले. एच म्हणजे लोहाचे प्रमाण अधिक, एल म्हणजे कमी, आणि एलएल म्हणजे एकूण लोह व मुक्त धातू दोन्ही कमी. पुढील अंक मूळ लघुग्रहाच्या पोटातील उष्णतेने खडकात किती बदल झाला ते दाखवतो. तीनमध्ये गोलक स्पष्ट दिसतात, सहामध्ये ते भोवतालच्या खडकात जवळजवळ विरघळून गेलेले असतात.

काटोल. नागपूर जिल्ह्यातील, संत्र्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या काटोल परिसरात २२ मे २०१२ रोजी भर दुपारी मोठा गडगडाट झाला आणि अनेक दगड विखरून पडले. घटना दिवसाढवळ्या व वस्तीजवळ घडल्यामुळे तुकडे लवकर गोळा झाले. त्यांचे एकूण वजन सुमारे १३ किलोग्रॅम भरले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अधिकाऱ्यांनी क्षेत्राची पाहणी केली. हा एल-६ कोंड्राइट आहे.

काटोलच्या दगडाचे खरे महत्त्व नऊ वर्षांनी उघड झाले. या अशनीत काळ्या, काचेसारख्या बारीक शिरा आहेत. अवकाशात दोन लघुग्रहांची टक्कर झाली तेव्हा त्या जागी क्षणभर प्रचंड दाब व तापमान निर्माण होऊन खडक वितळला आणि लगेच थिजला. खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील सुजय घोष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये या शिरांत ब्रिजमनाइट या खनिजाचे सूक्ष्म कण आढळल्याचे प्रसिद्ध केले. ब्रिजमनाइट हे पृथ्वीच्या खालच्या प्रावरणातील, म्हणजे सुमारे ६६० किमीहून अधिक खोलीवरील, प्रमुख खनिज आहे. पृथ्वीवर ते विपुल आहे, पण त्या खोलीपर्यंत कोणतेही छिद्र पाडता येत नाही आणि वर आणताना दाब कमी झाला की त्याची रचना मोडते. काटोलच्या नमुन्यातील ब्रिजमनाइटमध्ये लोह व ॲल्युमिनियम यांचे प्रमाण खालच्या प्रावरणात अपेक्षित असलेल्या प्रमाणाच्या जवळचे आहे. पायाखालच्या पृथ्वीचा अभ्यास आकाशातून आलेल्या दगडावरून करावा लागावा, हा योग विलक्षणच म्हटला पाहिजे.

एल गटातील अनेक अशनींवर अशा आघाताच्या खुणा आढळतात. सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वी त्यांचा मूळ लघुग्रह फुटला असे मानतात; स्वीडनमधील त्याच काळाच्या चुनखडकात जीवाश्मांसारखे रुतून बसलेले अशनी सापडले आहेत.

लोणार विवर

बीडपासून सरळ रेषेत सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर, बुलढाणा जिल्ह्यात लोणार आहे. विवराचा व्यास सुमारे १.८ किमी असून काठापासून सरोवराच्या पातळीपर्यंतची खोली सव्वाशे मीटरहून अधिक आहे. काठ भोवतालच्या जमिनीपेक्षा वीस-तीस मीटर उंच उचललेला आहे. लवणासुर आणि त्याचा वध करणारा विष्णू यांच्या कथेवरून गावाचे व तेथील दैत्यसूदन मंदिराचे नाव पडले. सरोवराचे पाणी अतिशय अल्कधर्मी असून पूर्वी त्यातून क्षार काढले जात. ‘ऐन-ए-अकबरी’त लोणारचा उल्लेख आहे, युरोपीयांपैकी जे. ई. अलेक्झांडर यांनी १८२३ मध्ये ते पाहिले.

दख्खनचे पठारच ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे बनलेले. त्यामुळे येथील खड्डाही ज्वालामुखीचा, ही समजूत दीर्घकाळ टिकली यात नवल नाही. अमेरिकी भूवैज्ञानिक जी. के. गिल्बर्ट यांनी १८९६ मध्ये ॲरिझोनातील विवराचा विचार करताना लोणारशी त्याचे साम्य नोंदवले आणि लोणारप्रमाणे तेही वाफेच्या स्फोटाने झाले असावे असा कौल दिला. साम्य अचूक हेरले होते, निष्कर्ष दोन्हींबाबत चुकला. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. विवर त्या मानाने अगदी तरुण आहे. एवढ्या काळाने, एकाच जागी, लाव्ह्याचा मागमूस नसताना ज्वालामुखी कसा जागा झाला, या प्रश्नाला जुन्या मताजवळ उत्तर नव्हते.

निर्णायक पुरावा १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. स्मिथसोनियन संस्थेचे कुर्ट फ्रेडरिकसन आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील शास्त्रज्ञ यांनी विवराच्या तळात छिद्रे पाडून काढलेल्या नमुन्यांत मास्केलिनाइट ही काच आढळली. फेल्डस्पार हे खनिज न वितळता केवळ आघाताच्या दाबाने काचरूप झाले की मास्केलिनाइट बनते. ज्वालामुखी एवढा दाब निर्माण करू शकत नाही. ही काच प्रथम शेरघाटीच्या अशनीत ओळखली गेली आणि तिला ज्यांचे नाव दिले गेले ते मास्केलिन म्हणजे मानेगावचा दगड तपासणारेच.

ज्याने हे विवर खोदले तो दगड मात्र सापडत नाही. सेकंदाला दहा-वीस किलोमीटर वेगाने येणाऱ्या एवढ्या मोठ्या पदार्थाची गतिज ऊर्जा आघाताच्या क्षणी उष्णतेत बदलते, आणि तो जवळजवळ संपूर्णपणे वितळून व बाष्प होऊन विखुरतो. सरोवराच्या तळाशी उल्का रुतून बसली आहे, ही पर्यटकांना सांगितली जाणारी गोष्ट खरी नाही. जवळच उत्तरेला असलेला अंबर तळे हा सुमारे ३०० मीटर व्यासाचा खळगा त्याच पदार्थाच्या दुसऱ्या तुकड्याने झाला, असे काही अभ्यासकांनी सुचवले होते. त्यावर एकमत नाही.

विवराच्या वयाबद्दलचा मतभेद त्याहून मोठा आहे. आघातकाचेच्या तप्तदीपन पद्धतीने १९९७ मध्ये ५२,००० वर्षे, सहा हजार इकडेतिकडे, असा अंदाज आला आणि पाठ्यपुस्तकांत तोच रूढ झाला. २०११ मध्ये आरगॉन समस्थानिकांच्या पद्धतीने ते ५,७०,००० वर्षे, सुमारे ४७,००० इकडेतिकडे, असे निघाले. दोन्हींत दहापटीहून अधिक अंतर आहे. पहिल्या पद्धतीत काच नंतर पुन्हा तापली असल्यास घड्याळ पुन्हा शून्यावर येते. दुसऱ्या पद्धतीत साडेसहा कोटी वर्षांच्या मूळ बेसाल्टमधील आरगॉन काचेत अडकून राहिल्यास वय फुगते, आणि त्याची वजावट करावी लागते. पाठ्यपुस्तकात एकच आकडा छापण्यापेक्षा दोन्ही द्यावेत, हे अधिक प्रामाणिक होय.

चंद्र व मंगळ यांचे पृष्ठभागही मोठ्या प्रमाणावर बेसाल्टचे आहेत. पृथ्वीवर बेसाल्टमधील सुस्थितीतील आघातविवरे अत्यंत विरळ असल्यामुळे त्या दोहोंवरील विवरांशी तुलना करण्यासाठी लोणार जगभरच्या अभ्यासकांना हवे असते. २०२० च्या जूनमध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले. क्षारप्रिय सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे तसे घडले, असे तपासणीत आढळले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला.

बीड परिसरात अशनी ओळखण्याची अडचण

मार्च २०२५ मध्ये बीड जिल्ह्याच्या वडवणी तालुक्यातील खळवट लिमगाव येथे आकाशातून दगड पडल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत आल्या. अशा वार्तेनंतर आसपासच्या गावांतून ‘आमच्याही रानात सापडला’ म्हणून काळे दगड पुढे येऊ लागतात. त्यांतील बहुतेक सर्व स्थानिक असतात, आणि याचे कारण मराठवाड्याच्या मातीतच आहे.

येथील काळा फत्तर, म्हणजे बेसाल्ट, रंगाने गडद व हाताला जड असतो. त्यात मॅग्नेटाइट असल्यामुळे काही नमुन्यांकडे लोहचुंबकही ओढला जातो. ‘चुंबक चिकटला म्हणजे उल्का’ हा शाळाशाळांतून सांगितला जाणारा नियम वाळवंटात किंवा चुनखडीच्या प्रदेशात उपयोगी पडेल, बालाघाटावर पडत नाही. ओळखण्याची अधिक विश्वसनीय खूण कवचाची आहे. ताज्या अशनीवर मिलिमीटरभर जाडीचे काळे, मंद चमकीचे वितळकवच असते आणि एखादा कोपरा उडालेला असल्यास आतला भाग राखाडी, फिकट दिसतो. बेसाल्ट आतबाहेर सारखाच काळा असतो. जुना असल्यास बाहेरून तपकिरी पडतो. अशनीच्या पृष्ठावर ओल्या मातीत अंगठा दाबावा तसे उथळ खळगे असू शकतात. उलट दगडात बुडबुड्यांची पोकळी किंवा पांढऱ्या गारगोटीने भरलेले डोळे असतील, तर तो दख्खनच्या लाव्ह्याचाच तुकडा समजावा. घासलेल्या बाजूवर धातूचे चमकते ठिपके दिसणे ही कोंड्राइटची चांगली खूण आहे. अंतिम निर्णय निकेलचे प्रमाण व खनिजे तपासूनच होतो.

सूक्ष्म अशनींबाबतही अशीच फसगत होते. पृथ्वीवर दरवर्षी हजारो टन वैश्विक धूळ पडते आणि नॉर्वेतील योन लार्सन यांनी घरांच्या छपरांवरील गाळातून तिचे गोलक वेगळे करून दाखवल्यापासून हा छंद पुष्कळांना लागला आहे. परंतु दगडी कोळशाच्या राखेतही अगदी तसेच काळे, चकचकीत, चुंबकाला चिकटणारे गोलक असतात. परळीसारख्या औष्णिक वीजकेंद्राच्या परिसरात छपरावर सापडणारे गोलक आकाशातले नसून धुराड्यातले असण्याचीच शक्यता कितीतरी अधिक.

आकाशात दिसणाऱ्या प्रकाशाबाबतही सावधगिरी आवश्यक आहे. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, महाराष्ट्राच्या मोठ्या भागातून आकाशात जळत जाणाऱ्या तेजस्वी रेषा दिसल्या आणि उल्कापाताची वार्ता सर्वत्र पसरली. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात धातूचे मोठे कडे आणि गोल टाकी पडल्याचे आढळले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चिनी ‘लाँग मार्च ३-बी’ अग्निबाणाच्या टप्प्याचे ते अवशेष असल्याचे जाणकारांनी ओळखले. वेगावरूनही फरक सांगता येतो. पृथ्वीभोवती फिरणारा अग्निबाणाचा अवशेष सेकंदाला आठ किलोमीटरहून कमी वेगाने, जवळजवळ आडवा येतो. त्याचे तुकडे एकामागोमाग समांतर जाताना मिनिटभरही दिसत राहतात. अशनीचा वेग किमान ११ किमी असतो आणि त्याचा अग्निगोल बहुधा काही सेकंदांत विझतो. पुढचा प्रवास तो अंधारात, साध्या पडणाऱ्या दगडासारखा करतो. म्हणूनच पडलेला अशनी लालभडक तापलेला असतो, गवत पेटवतो, ही वर्णने संशयास्पद ठरतात.

उल्कावर्षाव

पृथ्वी धूमकेतूच्या कक्षेत पसरलेल्या धुळीतून जाते तेव्हा उल्कावर्षाव होतो. ऑगस्टमधील ययातीचा वर्षाव स्विफ्ट-टटल धूमकेतूमुळे होतो, पण महाराष्ट्रात तो पावसाळी ढगांत हरवतो. येथील निरीक्षकांना खरा लाभतो तो १४ डिसेंबरच्या सुमारासचा मिथुन राशीतील वर्षाव. त्याचा उगम फेथॉन हा लघुग्रह मानला जातो, हा एक अपवादच. लघुग्रह कोरडे व धूमकेतू बर्फाळ ही विभागणी वाटते तितकी काटेकोर नाही, याचे ते उदाहरण आहे.

जतन

भारतात अशनींचे संकलन व जतन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण करते. तिचा प्रमुख संग्रह कोलकाता येथे आहे. महाराष्ट्रातील एकोणिसाव्या शतकातील काही नमुने लंडनच्या संग्रहालयात आहेत. मानेगाव व जामखेड येथील दगडांचे उरलेले अंश इतके अल्प आहेत की नव्या पद्धतींनी तपासण्यासाठी त्यांतून काही ग्रॅम काढणेही अवघड असते. तुलनेसाठी असे सांगता येईल, की बेन्नू या लघुग्रहावरून १२१.६ ग्रॅम माती आणण्यासाठी ओसायरिस-रेक्स यानाला सात वर्षे लागली.

अशनी पडल्यावर पहिले काही दिवस सर्वाधिक मोलाचे असतात. अवकाशात वैश्विक किरणांच्या माऱ्याने दगडात अल्पायुषी किरणोत्सारी समस्थानिके तयार झालेली असतात. त्यांतील व्हॅनेडियम-४८ चे अर्धायुष्य अवघे सुमारे १६ दिवस, तर सोडियम-२२ चे २.६ वर्षे आहे. त्यांच्या प्रमाणावरून मूळ पदार्थाचा आकार आणि दगड त्यात किती खोलवर होता हे काढता येते. दगड महिनोन्महिने देव्हाऱ्यात किंवा कपाटात राहिला तर ही माहिती कायमची नष्ट होते. पाण्याने धुतल्यास धातूचे कण गंजू लागतात. हळदकुंकू व तेल लावल्यास सेंद्रिय द्रव्यांची तपासणी निरर्थक होते. आत सोने आहे का हे पाहण्यासाठी फोडल्यास वितळकवचाचे तुकडे गळून जातात. दगड सापडलेली जागा, वेळ, आवाज कोणत्या दिशेने आला आणि खड्डा पडला असल्यास त्याची खोली, एवढी टिपणे छायाचित्रासह ठेवून दगड स्वच्छ कागदात गुंडाळून तहसील कार्यालयामार्फत सर्वेक्षणाच्या नागपूर येथील कार्यालयाकडे पोहोचता केल्यास पुढील अभ्यास शक्य होतो.